जुन्या गाडीच्या आतले पत्रे: जुना रंग उतरवून नवा रंग देताना

जुन्या मोटारीच्या दरवाज्यावर, काच ज्या फटीतून खाली उतरते तिच्या आतल्या कडेवर, चालकाचे कोपर टेकते. चाळीस-पन्नास वर्षे कोपर टेकून त्या कडेचा रंग आधी गुळगुळीत होतो, मग पातळ होतो आणि अखेर प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) तांबूस किंवा करडा थर व त्याखालचा पत्रा उघडा पडतो. डॅशबोर्डचा वरचा भाग उन्हाने पांढुरका झालेला असतो, तर किल्लीच्या भोवती जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या आपटून अर्धवर्तुळाकार ओरखडे उमटलेले असतात. हे भाग बहुतेक गाड्यांत सुटे होतात, आकाराने लहान असतात आणि स्वच्छ, हवेशीर जागेत एकट्या माणसालाही रंगवता येतात. त्यामुळे जुन्या गाडीवर प्रथमच हात आजमावणाऱ्याने बॉनेटपेक्षा इथून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

मात्र बाहेरच्या बॉडीच्या रंगकामाच्या सवयी जशाच्या तशा आत आणल्या, तर काम हमखास बिघडते. बाहेर रंगाचे जाड थर चढवून, त्यावर क्लिअर (पारदर्शक थर) देऊन आणि शेवटी घासून-पॉलिश करून बऱ्याच चुका झाकता येतात. आतला रंग अनेक गाड्यांत मुद्दाम कमी चकाकीचा ठेवलेला असतो, कारण चकाकणाऱ्या डॅशबोर्डचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून चालकाचे डोळे दिपतात. अशा निस्तेज रंगावर पॉलिशचा हात फिरवला की तेवढीच जागा चमकू लागते आणि दोष झाकण्याऐवजी उठून दिसतो. शिवाय आतले भाग एकमेकांत घट्ट बसवलेले असतात, त्यामुळे थर जाड झाला तर ग्लोव्ह बॉक्सचे झाकण अडकू लागते आणि मीटरच्या कड्या बसता बसत नाहीत. आतला रंग पातळ असावा लागतो आणि शेवटचा हात मारल्यावर दुरुस्तीला जवळजवळ वाव उरत नाही. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टींपायी आहे.

काय रंगवायचे आहे ते आधी ओळखावे

एक लोहचुंबक घेऊन सुरुवात करावी. चुंबक चिकटला तर भाग पोलादी पत्र्याचा आहे. न चिकटणारा पण थंडगार आणि जड लागणारा भाग, उदाहरणार्थ ॲश ट्रेचे झाकण किंवा काचेच्या हँडलचा दांडा, बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. हलका असेल तर ॲल्युमिनियमचा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कॉस्टिक सोड्यावर आधारलेले रंग उतरवण्याचे द्रावण पोलादाला फारशी इजा करत नसले तरी ॲल्युमिनियम आणि जस्त ही दोन्ही खाते.

प्लास्टिकच्या भागाच्या मागच्या बाजूला काही वेळा त्याचे नाव छापलेले असते. एबीएस असे लिहिले असेल तर रंग सहज धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर विशेष प्रायमरशिवाय धरत नाही. छाप नसेल तर मागच्या, न दिसणाऱ्या कडेवरून धारदार पात्याने एक बारीक सालटी काढून, ती बोटाने चोळून हवेचे बुडबुडे घालवून पाण्यात सोडावी. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगते आणि एबीएस बुडते.

जुन्या काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर लाकडाच्या रेषा दिसतात, पण खाली पत्राच असतो. त्या रेषा छपाईने किंवा हाताने उमटवलेल्या असतात. असा भाग हाती आला तर रंग उतरवण्याचा बेत तूर्तास बाजूला ठेवावा. ती कला वेगळी आहे, आणि एकदा उतरवलेली नक्षी परत आणणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

आता जुना रंग कोणता आहे ते पाहावे. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा मीटरच्या पत्र्याखाली झाकलेल्या जागी लॅकर थिनरमध्ये भिजवलेला पांढरा कापूस अर्धा मिनिट दाबून धरावा. कापसावर रंग सरळ विरघळून आला तर तो नायट्रोसेल्युलोज किंवा ॲक्रिलिक लॅकर, म्हणजे नुसता थिनर उडून सुकणारा रंग, आहे. रंग न विरघळता फुगला किंवा सुरकुतला तर तो एनॅमल, म्हणजे सुकताना स्वतःच घट्ट होत जाणारा रंग, असण्याची शक्यता अधिक, आणि काहीच झाले नाही तर मधल्या काळात कोणीतरी हार्डनर घातलेला टू-के (दोन घटकांचा) रंग दिलेला असण्याची शक्यता आहे. हे कळणे आवश्यक आहे, कारण जुन्या लॅकरवर किंवा कच्च्या एनॅमलवर तीव्र थिनरचा नवा रंग मारला की खालचा थर उचलला जातो आणि पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा होतो.

याच टप्प्यावर शिशाचा विचार करावा. विसाव्या शतकातील मोटारींच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. चाचणीचे तयार संच मिळतात. पण संच हाताशी नसेल तर रंगात शिसे आहे असे धरूनच काम करावे. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की कोरडे घासकाम टाळावे, पाण्याने ओले करून घासावे, बारीक धुळीचे गाळण लावलेला घट्ट बसणारा मास्क वापरावा, घासलेला चिखल सांडपाण्यात न सोडता कागदावर गोळा करावा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. लहान मुले आणि गर्भवती स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावे. पायाशी किंवा इंजिनच्या आडभिंतीला लागून असलेल्या जुन्या गाद्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्या फाडू किंवा घासू नयेत.

भाग उघडताना

प्रथम बॅटरीची अर्थची तार काढावी. ती नेहमी ऋण टोकाचीच असेल असे मात्र गृहीत धरू नये, कारण १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते. जी तार बॉडीला जाते ती आधी काढायची, एवढे लक्षात ठेवावे.

प्रत्येक भाग काढण्याआधी, काढताना आणि काढल्यानंतर छायाचित्र घ्यावे, आणि प्रत्येक तारेवर कागदी टेपची चिठ्ठी लावावी. स्क्रू एकाच डब्यात टाकण्याचा मोह टाळावा. पुठ्ठ्यावर त्या भागाचे ढोबळ चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवण्याची जुनी पद्धत अजूनही सर्वांत चांगली, कारण लांबी चुकलेला एक स्क्रू दरवाज्याच्या बाहेरच्या पत्र्याला आतून टेंगूळ आणू शकतो.

काच वर-खाली करण्याचे हँडल अनेक नवशिक्यांना चकवते. वरून स्क्रू दिसत नसेल तर ते बहुधा मागच्या बाजूने घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तारेच्या क्लिपने धरलेले असते. हँडल आणि दरवाज्याचे आच्छादन यांच्या फटीत सुती कापडाची अरुंद पट्टी सरकवावी, तिची दोन्ही टोके हातात धरून ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी आळीपाळीने ओढावी. पट्टीचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि क्लिप टणकन उडते. ती नेमकी कोठे उडेल हे सांगता येत नाही, म्हणून गाडीच्या आत एक जुनी चादर अंथरून ठेवावी आणि डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.

घासण्याआधी धुणे

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या अनुभवात आतल्या रंगकामाची निम्मी रड इथे सुरू होते. गाडीचा डॅशबोर्ड वर्षानुवर्षे चकाकी आणणाऱ्या फवाऱ्यांनी पुसलेला असतो आणि त्यांतल्या पुष्कळांत सिलिकॉन असते. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा ओला रंग त्या जागेपासून मागे सरतो आणि मधोमध खड्डा असलेली बारीक वर्तुळे पडतात. रंगारी त्यांना फिश आय म्हणतात. न धुता घासायला घेतले तर पॉलिश पेपर हेच सिलिकॉन घासणीच्या चरांत खोल भरतो, आणि मग ते काढणे फार अवघड होते.

म्हणून सुट्या केलेल्या भागाला आधी कोमट पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाने ब्रश लावून धुवावे, स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळावे आणि पूर्ण वाळू द्यावे. त्यानंतर मेण व ग्रीस काढण्याचे द्रावण घेऊन दोन कापडांनी काम करावे: पहिल्या ओल्या कापडाने हातभर जागा पुसावी आणि द्रावण उडून जाण्याआधी लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने ते टिपून घ्यावे. एकाच कापडाने पुसत राहिलात तर मळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेण्याखेरीज काही साधत नाही. कापडाची घडी प्रत्येक वेळी बदलावी, आणि यानंतर भागाला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

सगळा रंग उतरवणे खरोखर गरजेचे आहे का

नवशिक्याचा उत्साह इथे त्याला जास्त खोल नेतो. मूळ रंग पत्र्याला घट्ट धरून असेल, पोपडे निघत नसतील आणि वर एकदाच रंग दिलेला असेल, तर तो संपूर्ण काढण्यात शहाणपण नाही. कारखान्यातला प्रायमर घराच्या अंगणात दिलेल्या प्रायमरपेक्षा बहुधा चांगलाच असतो. अशा वेळी ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने ओले घासून, जिथे पत्रा उघडा आहे तिथल्या कडा बोटाला जाणवणार नाहीत इतक्या उतरत्या कराव्यात आणि पुढे प्रायमरकडे वळावे.

रंग फुगला असेल, खाली गंज फिरला असेल, एकावर एक तीन-चार रंग चढलेले असतील किंवा थिनरच्या चाचणीत खालचा थर उचलला जात असेल, तर मात्र पत्र्यापर्यंत जाणे आवश्यक आहे. थर किती आहेत हे पाहण्यासाठी झाकलेल्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा ओल्या पेपरने गोल घासावी. झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे रंगांचे थर एकापाठोपाठ एक दिसू लागतात, आणि गाडीने किती वेळा रंग बदलला हेही त्यातून कळते. त्यांतले सर्वांत खालचे, प्रायमरच्या लगतचे वर्तुळ म्हणजे गाडीचा मूळ रंग. त्याचे छायाचित्र जरूर घ्यावे.

उतरवण्याच्या पद्धतींपैकी वाळूचा मारा डॅशबोर्डसारख्या रुंद, सपाट पत्र्यासाठी वापरू नये. त्याने पत्रा ताणला जाऊन लाटा येतात आणि त्या पुन्हा बसत नाहीत. हीट गननेही पातळ पत्रा वाकतो, आणि रंग जास्त तापल्यास शिशाचा धूर होण्याचा धोका असतो. पत्र्यासाठी रासायनिक रिमूव्हर आणि हाताचे घासकाम हाच नवशिक्याचा मार्ग.

रिमूव्हरचे काम

पूर्वीच्या जलद रिमूव्हरांत मिथिलीन क्लोराइड असे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचते, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद जागेत त्यावर काम करताना माणसे दगावलेली आहेत. त्यामुळे युरोपीय संघात आणि २०१९ पासून अमेरिकेतही ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यास बंदी आहे. जुना डबा कोठे सापडला तरी तो न वापरता बेंझाइल अल्कोहोलवर आधारलेला रिमूव्हर घ्यावा. तो सावकाश काम करतो, पण ते चालते.

काम उघड्यावर, सावलीत करावे. जाड रबरी हातमोजे, पूर्ण डोळे झाकणारा चष्मा आणि लांब बाह्या असाव्यात. आता सर्वांत महत्त्वाची सूचना: पत्र्याची कड जिथे दुमडून दुहेरी केलेली असते, ती घडी मास्किंग टेपच्या दोन थरांनी झाकावी आणि रिमूव्हर तिच्यापासून बोटभर दूर ठेवावा. एकदा मी ही काळजी घेतली नाही. ग्लोव्ह बॉक्सचे झाकण चकचकीत पत्र्यापर्यंत उतरवले, धुतले, रंगवले, बसवले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. तीन आठवड्यांनी त्याच्या खालच्या कडेला, घडीच्या रेषेत, मोहरीएवढे फोड ओळीने उठले. घडीत शिरलेले रिमूव्हर हळूहळू बाहेर झिरपत होते आणि नव्या रंगाला खालून उचलत होते. झाकण पुन्हा पत्र्यापर्यंत न्यावे लागले. कडेचा तो बोटभर रंग पेपरने हातानेच काढावा. अर्धा तास जास्त लागतो.

रिमूव्हर ब्रशने जाड आणि एकाच दिशेने लावावा, मागे-पुढे घोळवू नये, आणि वर पातळ प्लास्टिकचा कागद अंथरावा म्हणजे तो सुकत नाही. डब्यावर दिलेला वेळ जाऊ द्यावा. रंग फुगून सैल झाला की प्लास्टिकच्या पातीने तो ढकलून काढावा. लोखंडी पात पत्र्यात चर पाडते आणि ते चर नंतर भरत बसावे लागतात. कोपरे आणि नक्षीच्या खाचांसाठी जुना दात घासण्याचा ब्रश पुरतो. सगळे निघाल्यावर डब्यावर सांगितल्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने अवशेष काढावेत, आणि पाणी वापरले असेल तर भाग लगेच पुसून गरम हवेने वाळवावा. काढलेला लगदा शिसेयुक्त कचरा समजून बंद डब्यात ठेवावा आणि घातक कचऱ्याच्या संकलनातच द्यावा.

पत्र्यापासून प्रायमरपर्यंत

उघडा पडलेला पोलादी पत्रा वाट पाहत नाही. दमट हवेत काही तासांत त्यावर तांबूस झाक येते, आणि घामेजलेल्या बोटांचे ठसे तर गंजाच्या रूपाने उमटतात. म्हणून उतरवणे, घासणे आणि प्रायमर ही कामे एकाच दिवशी होतील असा बेत आखावा. जेवढे भाग त्या दिवशी प्रायमरपर्यंत नेता येतील तेवढेच उघडे करावेत.

गंजाचे ठिपके असतील तर तारेच्या ब्रशने आणि ८० क्रमांकाच्या पेपरने ते काढावेत. खड्ड्यांत राहिलेल्या काळ्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावून, नंतर सांगितल्याप्रमाणे धुऊन वाळवावे. मग १८० क्रमांकाच्या पेपरने सगळा पत्रा एकसारखा खरवडून घ्यावा. गुळगुळीत पत्रा डोळ्यांना बरा दिसतो, पण प्रायमरला धरायला काहीतरी लागते.

प्रायमर कोणता, यावर बरेच वाद घातले जातात. उघड्या पत्र्यासाठी मी एपॉक्सी प्रायमर सुचवेन, कारण तो पत्र्याला घट्ट धरतो, ओल रोखतो आणि त्यावर लांबीही (खळगे भरण्याची पुट्टी) भरता येते. एच प्रायमरमधले, म्हणजे पत्रा किंचित खाऊन पकड घेणाऱ्या प्रायमरमधले, आम्ल पॉलिएस्टर लांबीच्या घट्ट होण्यात अडथळा आणते, म्हणून त्यावर थेट लांबी भरू नये. एपॉक्सीचे दोन्ही घटक उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच मिसळावेत, अंदाजाने नव्हे, आणि मिसळल्यावर थांबायला सांगितले असेल तर तेवढी वाट पाहावी.

लांबी आतल्या भागांवर शक्य तितकी कमी असावी. डॅशबोर्डला कोणीतरी रेडिओसाठी पाडलेली भोके असतील तर ती लांबीने बुजवू नयेत. मागून पत्र्याचा तुकडा डागून घ्यावा, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी ती लांबी एक दिवस गोल चकती होऊन मांडीवर पडते. बारीक ओरखड्यांसाठी पातळ फिनिशिंग लांबी पुरते. ती २४० ने आणि मग ३२० ने, रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासावी. बोटांनी घासले तर बोटांच्या रेषांचे उथळ चर पडतात आणि ते रंग दिल्यावरच दिसतात. कमी चकाकीचा रंग लाटा थोड्या लपवतो, हे खरे. घासणीचे ओरखडे मात्र तो लपवत नाही.

शेवटी प्रायमर-सर्फेसरचे (बारीक ओरखडे भरून सहज घासता येणाऱ्या प्रायमरचे) दोन पातळ हात द्यावेत, त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारावा आणि ६०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने ओले घासावे. जिथे काळे ठिपके राहतात तिथे खळगा आहे, आणि जिथे पत्रा डोकावतो तिथे उंचवटा आहे, असे समजावे.

छटा आणि चकाकी

रंगाचा क्रमांक बॉडीवरच्या पाटीवर असला तरी तो बहुधा बाहेरच्या रंगाचा असतो. आतल्या सजावटीचा क्रमांक वेगळा असतो आणि त्यात डॅशबोर्डची छटा वेगळी असू शकते. त्यामुळे नमुना म्हणून ज्या जागेला ऊन लागलेले नाही ती जागा घ्यावी, उदाहरणार्थ मीटरच्या कडीखालचे वर्तुळ किंवा ॲश ट्रेच्या मागचा भाग. ती आधी हलक्या पॉलिशने साफ करावी, कारण धूम्रपान होत असलेल्या गाडीत त्यावर पिवळा थर असतो. रंग जुळवणाऱ्याला उन्हात फिकट झालेला तुकडा दिला तर तो प्रामाणिकपणे फिकट रंगच बनवून देईल.

छटा जुळली तरी चकाकी जुळली नाही तर डोळ्यांना रंगच वेगळा वाटतो. तोच करडा रंग चकचकीत असला की गडद आणि निस्तेज असला की फिकट दिसतो. अमेरिकेत १९६८ पासून चालकाच्या दृष्टीत येणाऱ्या काही चमकदार धातूच्या भागांची चकाकी नियमाने मर्यादित केली होती: समोरच्या काचेच्या आतल्या पट्ट्या, हॉर्नची कडी, स्टीअरिंगचा मध्यभाग, आरशाची चौकट असे ते भाग होते आणि २० अंशांच्या कोनातून मोजलेली त्यांची चकाकी ४० एककांहून अधिक नसावी, असे बंधन होते. त्याआधीच्या काही गाड्यांत मात्र डॅशबोर्ड बॉडीच्याच रंगात आणि पूर्ण चकाकीत रंगवलेला आढळतो. आपली गाडी कोणत्या गटातली आहे हे वर सांगितलेल्या झाकलेल्या जागेवरूनच ठरवावे.

चकाकी कमी करण्यासाठी रंगात किंवा क्लिअरमध्ये मॅटिंग एजंट मिसळतात. त्यातले सिलिकाचे कण तळाशी बसतात, त्यामुळे डबा तळापर्यंत ढवळावा लागतो, आणि फवारणीची गन भरताना प्रत्येक वेळी पुन्हा ढवळावे लागते. नाहीतर दरवाज्याचा एक भाग रेशमी आणि दुसरा चमकदार होतो. प्रमाण ठरवण्यासाठी आधी टाकाऊ पत्र्यावर, प्रत्यक्ष भागावर देणार तितकेच हात देऊन नमुना करावा आणि तो पूर्ण वाळल्यावर, गाडीत मूळ भागाशेजारी धरून पाहावा. ओला निस्तेज रंग नेहमी चमकदार दिसतो; तो पाहून घाबरून जास्त मॅटिंग एजंट घातले की रंग खडूसारखा होतो.

फवारणी

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असलेल्या टू-के रंगांसाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. कोळशाच्या गाळणाचा साधा मास्क त्याला पुरेसा नाही. आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की थोड्या वाफेनेही झटका येतो. दाबून दोन घटक मिसळणाऱ्या टू-के स्प्रे डब्यांनाही हे लागू आहे. अशी व्यवस्था नसेल तर ॲक्रिलिक लॅकर किंवा एकघटकी रंग वापरावा. आतल्या भागांवर बाहेरच्याइतका ऊन-पावसाचा मारा नसल्याने तो पुरेसा टिकतो. लॅकरसाठीही सेंद्रिय वाफेचे गाळण असलेला मास्क, हवा खेळती ठेवणारी जागा आणि जवळपास आग किंवा ठिणगी नसणे आवश्यक आहे.

हवा २० अंश सेल्सियसच्या आसपास आणि कोरडी असावी. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर बाष्प जमते. सरळ उभे टांगलेले भाग आडव्या भागांपेक्षा कमी धूळ पकडतात, पण ओघळ लवकर धरतात. नवशिक्याने थोडे तिरके ठेवावेत. फवारण्याच्या लगेच आधी पुन्हा एकदा दोन कापडांनी पुसावे आणि चिकट कापडाने अगदी हलक्या हाताने धूळ टिपावी.

पहिला हात धुक्यासारखा विरळ असावा. त्याने पृष्ठभाग पूर्ण झाकला नाही तरी हरकत नाही, पुढच्या हाताला तो पकड देतो. गन वापरत असाल तर सुमारे १५ ते २० सेंटिमीटर, आणि स्प्रे डबा असेल तर २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. हात पृष्ठभागाला समांतर सरकवावा. मनगट वळवले की फवाऱ्याची टोके लांब जातात आणि मधोमध रंग साचतो. फवारा भागाच्या कडेच्या बाहेर सुरू करून पलीकडच्या कडेबाहेर थांबवावा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. आधी कडा आणि आतले कोपरे, मग सपाट भाग, असा क्रम ठेवावा. दोन हातांमध्ये उत्पादकाने सांगितलेला वेळ द्यावा. घाई केली की थिनर खाली अडकतो आणि काही दिवसांनी बारीक टोचे दिसू लागतात.

निस्तेज रंगाचा शेवटचा हात एकसंध आणि न थांबता द्यावा. त्या हातात एखादा केसाचा तुकडा पडला तर तो चिमट्याने उचलण्याचा प्रयत्न करू नये. रंग वाळू द्यावा, ८०० च्या पेपरने तेवढे टोक काढावे आणि संपूर्ण भागाला पुन्हा एक हात द्यावा. फक्त तेवढ्या जागेला रंग देऊन भागणार नाही, चकाकीतला फरक दिसेलच.

प्लास्टिक आणि व्हिनाइल

प्लास्टिकवर रिमूव्हर वापरू नये, कारण एबीएस त्यात मऊ पडून चिकट होते. धुऊन, करड्या स्कॉच-ब्राइट घासणीने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, आणि पॉलिप्रॉपिलीन असेल तर ॲडहिजन प्रमोटरचा (रंगाला पकड देणाऱ्या त्या विशेष प्रायमरचा) अगदी पातळ हात देऊन त्यावर रंग द्यावा. व्हिनाइलचे आच्छादन रंगवण्यासाठी वेगळा, लवचीक व्हिनाइल रंग मिळतो. तो चार-पाच विरळ हातांत द्यावा, म्हणजे कातड्यासारखा पोत भरून जात नाही. भेग पडलेले व्हिनाइल रंगाने जोडले जात नाही.

परत बसवताना

रंग स्पर्शाला कोरडा झाला म्हणजे बसवायला तयार झाला असे नव्हे. ॲक्रिलिक लॅकरला काही दिवस आणि एकघटकी एनॅमलला काही आठवडे द्यावेत. त्याआधी दाबाखाली आलेले रबरी गॅस्केट रंगात रुतते आणि नंतर काढताना रंगासह निघते. दाट बसणाऱ्या कडांमध्ये मेणाचा कागद ठेवून बसवावे आणि शेवटी तो ओढून काढावा. स्क्रूच्या भोकांत साचलेला रंग आधी हाताने फिरवलेल्या ड्रिलच्या टोकाने साफ करावा. स्क्रू घालूनच तो कापला तर भोकाभोवती पोपडा उडतो. स्क्रूखाली पातळ फायबर वॉशर घालणे हा आणखी चांगला उपाय.

सगळे जागेवर बसल्यावर बॅटरी जोडून मीटरचे दिवे, इंडिकेटर आणि वायपर एकेक करून तपासावेत. जुन्या गाड्यांत मीटरमधल्या दिव्यांना बहुधा वेगळी अर्थची तार नसते. मीटरची कडी डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकते आणि तिथूनच विजेचा परिपथ पुरा होतो. आता त्या टेकण्याच्या जागी आपणच काळजीपूर्वक, दोन थरांचा, विजेला अडवणारा रंग दिलेला असतो. दिवे मिणमिणत असतील किंवा इंधनाचा काटा भलतीकडे जात असेल तर वायरिंगचे पुस्तक उघडण्याआधी कडीमागची, नजरेला न पडणारी नखाएवढी जागा ३२० च्या पेपरने पत्र्यापर्यंत घासावी, त्यावर व्हॅसलिनचे बोट फिरवावे आणि कडी पुन्हा आवळावी.